पाकळ्यांचा साचा

“आई, केस धुतलेस?” लेकीने दार अर्धंच उघडून विचारलं.

“धुतले.”

“नखं?”

“नखं धुतली, कोपरं धुतली. आता आतडी तेवढी राहिलीत. ती काढून दोरीवर वाळत घालू का?”

लेक हसली नाही, पण दार उघडलं. आक्काने चपला बाहेरच सोडल्या आणि कुठेही हात न टेकता ती सरळ न्हाणीघरात गेली. तिथे खुंटीवर तिचा कपड्यांचा एक जोड कायम टांगलेला असे. अंगावरचे कपडे पिशवीत बांधून पिशवी दाराबाहेर ठेवायची, पुन्हा साबणाने हात धुवायचे, मग नातीला जवळ घ्यायचं, असा त्या घरचा कायदा होता. आक्काला आयुष्यात कुणी दारात थोपवलेलं नव्हतं. तिनेच कैक जणांना थोपवलं होतं. पण इथे ती शहाण्या पोरीसारखी सगळं निमूट करायची, कारण त्याशिवाय नात हाती लागत नव्हती.

कोपऱ्यावरची बेकरी आक्काची. नवरा गेल्यावर दीर-जावांनी “आता विकून टाका” म्हणून सल्ला दिला, तेव्हा तिने त्यांना पाणीसुद्धा न विचारता वाटेला लावलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे स्वतः कणीक मळायला उभी राहिली. अख्ख्या गल्लीची पोरं तिच्या पावावर वाढली. कुणाला दात आले की पहिलं बिस्कीट तिचं, कुणाचं लग्न ठरलं की केक तिचा. आणि पोटच्या लेकीच्या एकुलत्या एका पोरीला मात्र आजीच्या हातचा कण चालत नव्हता.

कारण अंडं. पोर रांगत होती तेव्हा लेकीने कौतुकाने तिला उकडलेल्या अंड्याचा घास भरवला, आणि बघता बघता तोंड सुजून डोळे मिटले. डॉक्टरांनी सांगितलं की काही मुलांचं वाढत्या वयात आपोआप जातं, वाट बघा. वाट बघितली. गेलं तर नाहीच, उलट वाढलं. मग केक बंद, बिस्किटं बंद. पावावर चकाकी यावी म्हणून अंड्याचा हात फिरवतात, तोही पाव बंद. बेकरीचा तर उंबरासुद्धा बंद. पोर बापाचं बोट धरून बाहेर उभी राहायची, काचेला नाक लावून आत बघायची. आक्का आतून हात हलवायची. माशाच्या पेटीत बघावं तसं दोघी एकमेकींना बघत. आत कोण आणि बाहेर कोण, एवढाच प्रश्न.

पोरीला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी उभी राहून बोलतच नसे. आताही ती आक्काभोवती गोल फिरत म्हणाली, “आजी, माझ्या वाढदिवसाला मला तसला केक पाहिजे.”

“कसला गं?”

“फुलाचा. तुझ्या काचेतला.”

“त्यात अंडं असतं, बाळा,” लेक आतून म्हणाली.

“मग आजी बिनअंड्याचा करेल.” भिंगरी थांबली. “का आजीला येत नाही?”

आक्काला सगळं ऐकून घेता येत असे, ‘येत नाही’ एवढं सोडून.

“येत नाही म्हणजे? कुणी सांगितलं तुला?”

जायच्या वेळी लेक तिच्या मागोमाग दाराबाहेर आली. “आई, नसतं खूळ घेऊ नकोस. मी दरवर्षी फळं कापून त्यावर मेणबत्ती लावते, यंदाही लावीन.”

“कलिंगडावर मेणबत्ती! वाढदिवस आहे की भाजीबाजार?”

“तुला थट्टा सुचते. तिचा श्वास अडकतो तेव्हा तू नसतेस समोर.”

आक्काने दाराबाहेरची कपड्यांची पिशवी उचलली. मग हळू आवाजात म्हणाली, “एकदा. एकदा तिला माझ्या हातचं खाऊ दे. दुसरं काही मागत नाही तुझ्याकडे.”

आईने काही मागितलेलं लेकीने कधी बघितलं नव्हतं. “बेकरीत नाही करायचा,” ती म्हणाली. “वरती, तुझ्या खोलीत. भांडी नवी, मैद्याचा पुडा नवा, गाळणी नवी. मी विचारणार आहे.”

“विचार. पिंजऱ्यात उभी कर नि शपथ घालून विचार.”

आक्काची खोली बेकरीच्या माथ्यावरच होती. तिथे तिने नवीन पातेलं आणलं, नवीन चमचे आणले, ओटा उकळत्या पाण्याने धुतला, छोटी भट्टी नवी घेतली. आणि मग इतकी वर्षं डोळे मिटून जे काम केलं, ते तिला येईना. अंड्याच्या जागी केळं घातलं, तर केकला केळ्याशिवाय दुसरी चवच नाही. जवस भिजवून घातले, तर सगळ्याचा चिकट गोळा झाला. सफरचंदाचा गर घातला, तर केक आतून ओलाच राहिला. चाखायला खालून भट्टीवाला यायचा. तो नवऱ्याच्या वेळचा माणूस, तोंडावर बोलायला आक्काला न भिणारा एकटाच.

“आक्का,” तो तुकडा हातात तोलत म्हणाला, “हा कुणाच्या डोक्यात घातला तर माणूस जाग्यावर आडवा होईल.”

“तुझ्या डोक्यात घालून बघते. आत काही नाहीच, त्यामुळे लागायची भीती नाही.”

तो गेल्यावर ती त्या दगडाकडे बघत बसली. इतकी वर्षं ती रोज टोपलीभर अंडी फोडत आली, पण अंडं आत जाऊन काय काम करतं हे तिने कधी मनाशी विचारलं नव्हतं. घरात मुकाट राबणाऱ्या बाईसारखंच ते. काढून घेतल्यावर कळतं, कोण काय उचलून धरून होतं.

शेवटी जमलं ते दह्याने. दही फेटून त्यात सोडा घातला की ते फसफसून वर येतं. ते तसं आलं की मैद्यात घालायचं, फार घोटायचं नाही आणि क्षणभरही न रेंगाळता भट्टीत सरकवायचं. गोल भांड्यात केला तो केक बोट दाबलं तर आत जाऊन पुन्हा वर आला. भट्टीवाल्याने दोन तुकडे खाल्ले आणि काही बोलला नाही. त्याची हीच शाबासकी.

राहिला फक्त आकार. फुलाचा नवा साचा आक्काने बाजारातून आणला होता, आरशासारखा चकचकीत. त्याला लोणी चोपडलं, मैदा भुरभुरला, केक भाजला, उपडा केला. मधला गड्डा बाहेर आला आणि पाकळ्या साच्यातच राहिल्या. दुसऱ्यांदा तेच. बिनअंड्याचा केक मुळात नाजूक, त्याला ओढाताण सोसेना.

“कागद लावा खाली,” भट्टीवाला म्हणाला.

“पाकळ्यांना कागद कसा लावतोस? शिवून?”

“मग गोलच न्या. पोर काय आकार खाते?”

“तिने फूल मागितलंय,” आक्का म्हणाली.

वाढदिवस दुसऱ्या दिवसावर आला होता.

खाली भट्टीशेजारच्या खिळ्याला सासूबाईंच्या वेळचा पाकळ्यांचा साचा टांगलेला होता. काळा कुळकुळीत. त्यातून केक निसटायचा तो असा, की जणू त्यालाच बाहेर यायची घाई. बेकरीत एक नियम सासूबाईंपासून चालत आलेला होता, साच्याला पाणी लावायचं नाही. फडक्याने पुसायचा, लोण्याचा हात फिरवायचा आणि भट्टीच्या उबेला टांगायचा. वर्षानुवर्षं त्यावर जो काळा थर चढतो, तीच त्याची पुण्याई. लेक लहान असताना एकदा आईला मदत म्हणून तिने दोन साचे घासून लख्ख केले होते, तर शाबासकीऐवजी पाठीत धपाटा बसला होता.

आक्काने साचा खिळ्यावरून काढला आणि जिन्यात थांबली. डोक्यात विचार आला नाही असं नाही. या साच्यात आजवर अंड्याशिवायचं काही भाजलेलंच नव्हतं. तिने वर जाऊन नव्या फडक्याने तो पुसला, पुन्हा पुसला. मग रिकामाच भट्टीत ठेवून धूर येईपर्यंत तापवला. सगळं आयुष्य आगीसमोर गेलेली बाई ती. आगीतून काही वाचतं हे तिच्या बुद्धीला पटणारच नव्हतं.

केक उपडा केला, तर आठही पाकळ्या सुट्या, अखंड.

दुसऱ्या दिवशी डोक्यावरून न्हाऊन, नवे कपडे घालून, ताटावर नवं झाकण घालून आक्का लेकीच्या दारात उभी राहिली. लेकीने झाकण उचललं आणि लहानपणी बघायची तशी त्या केककडे बघत राहिली.

“सगळं नवं ना, आई?”

“मैदा नवा, पातेलं नवं, गाळणी नवी, चमचे नवे, भट्टी नवी,” आक्काने धडाधडा सांगितलं. नवं काय काय, तेच सांगितलं. आपण तेवढंच सांगतोय हे तिच्या कानांनी ऐकलंही, पण तेवढ्यात भिंगरी आतून ओरडत आली, “फूल! आजीने फूल केलं!” आणि ते ऐकणं तिथेच राहिलं.

मेणबत्ती विझवली. जावयाने फोटो काढला. आक्काने एक पाकळी कापली आणि नातीच्या तोंडापुढे धरली. पोरीने आधी आईकडे बघितलं, तशी सवयच होती तिला. लेकीने मान हलवली. मग पोरीने तोंड उघडलं.

“मऊ आहे,” ती म्हणाली. तोंड भरलेलंच होतं. “आजी, ढगासारखा आहे.”

“तू ढग कधी खाल्लास?”

“आत्ता!”

आक्का इतकी हसली की तिला डोळे पुसावे लागले. भिंगरीने ती पाकळी संपवली, दुसरीचा तुकडा उचलला आणि टेबलाभोवती फिरायला लागली. एक फेरी, दुसरी फेरी. मग ती थांबली. मान खाजवायला लागली.

“आई, घशात टोचतंय.”

लेक उठली ती खुर्ची पाडूनच. पोरीचे ओठ फुगत होते. लेकीने कपाटावरची पेटी ओढली, पेनासारखं दिसणारं इंजेक्शन काढलं आणि पोरीच्या मांडीत दाबून धरलं. जावई फोनवर पत्ता सांगत होता, आवाज न चढवता, एकेक शब्द सुटा. दोघांचे हात असे चालत होते की जणू रोज सराव करत असावेत. करतही असतील. आक्काला कुणी कधी बोलावलं नव्हतं त्या सरावाला.

ती हातात ताट घेऊन उभी होती. ते कुठे ठेवावं हेही तिला सुचेना. पोरीच्या छातीतून शीळ घातल्यासारखा आवाज येत होता.

“मी काय करू? सांग ना गं, मी काय करू?”

“बाजूला हो,” लेक म्हणाली. तिरसटपणे नाही, ओरडून नाही. वाटेतल्या माणसाला म्हणतात तसं.

आक्का बाजूला झाली.

दवाखान्यात पोरीच्या तोंडाला नळी लावली, हाताला सुई लावली. श्वास मोकळा झाला तरी रात्रभर ठेवून घेऊ म्हणाले, पुन्हा उलटू शकतं. आक्काला बाहेरच्या बाकड्यावर बसवलं होतं. दार उघडलं की पलंगाचं टोक आणि पोरीचे तळवे दिसायचे. दार मिटलं की काही नाही.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. लहानखुरी, थकलेली मुलगी. “काय काय घातलं होतं केकमध्ये?”

लेकीने पाठ केल्यासारखं सगळं सांगितलं. “यात काहीच नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “भांडं कुठलं होतं?”

लेकीने आईकडे बघितलं. जावयाने बघितलं.

“साचा बेकरीतला होता,” आक्का म्हणाली. “मी तापवून घेतला होता. धूर येईस्तोवर.”

“तापवल्याने जात नाही, आजी. खाचांमध्ये थर बसलेला असतो. हिला तेवढं पुरतं.”

आक्काने मान खाली घातली आणि लेकीच्या तोंडून जे यायचं ते यायची वाट बघितली. तिला ते हवं होतं. ती स्वतः त्या जागी असती तर छप्पर उडेल एवढं बोलली असती. पण लेक भिंतीला टेकून नुसती उभी होती.

“चूक माझी आहे,” लेक म्हणाली. “साचे धुवत नाहीत हे मला माहीत होतं. फूल बघितलं तेव्हाच कळायला पाहिजे होतं. मी विचारलं नाही.”

“अगं, तू कशाला… मी केलं ते. मला बोल.”

“जाऊ दे, आई.”

“तुम्हाला कळलं नसेल हो,” जावई म्हणाला. त्याचा स्वभावच गोड होता. “तुम्ही मनापासूनच केलंत. तुम्ही आता घरी जा, दमला असाल.”

त्याने रिक्षा करून दिली. आक्का आयुष्यात पहिल्यांदा कुणी जा म्हटलं म्हणून गेली.

सकाळी तिने दुकान उघडलं नाही. मागच्या मोरीत तिने सगळे साचे खाली घेतले. पावाचे, केकचे, लहान, मोठे. साबण घेतला, तारेचा घासा घेतला आणि बसली. भट्टीवाला आला आणि दारातच थबकला.

“आक्का! अहो, काय करताय? सासूबाईंच्या हातचे आहेत ते!”

“माहितीय मला कुणाच्या हातचे.”

“उद्या पाव चिकटतील सगळे.”

“चिकटू देत.”

काळं पाणी मोरीतून वाहत राहिलं. तो बाही वर करून समोर बसला आणि दुसरा घासा मागितला. तिने दिला नाही. “हे माझं मला करू दे,” ती म्हणाली. तरी तो उठला नाही, पाणी ओतत राहिला.

दुसऱ्या दिवशी पाव खरंच चिकटले. बुडं साच्यात आणि डोकी हातात. गिऱ्हाइकं हसली, म्हणाली, आक्का म्हातारी झाली. एरवी आक्काने अशाला उंबऱ्याबाहेर काढलं असतं. त्या दिवशी तिने तुटके पाव पुड्यात बांधून दिले.

पोर घरी आली, खेळायला लागली, तेव्हा लेक बेकरीपाशी आली. आत नाही. पायरीखालीच उभी राहिली. आक्काच्या मागे फळीवर घासलेले साचे ओळीने पांढरेफटक चमकत होते, ते लेकीला काचेतून दिसले असावेत.

“सगळे धुतलेस?”

“सगळे. आणि ऐक, अंडं बंद करते मी. एकसुद्धा आणायचं नाही. दह्याचा केक जमतो मला, पावाला दुधाचा हात देईन. फळ्या बदलते, भिंती घासून रंगवते. सगळी बेकरीच बिनअंड्याची. मग तर चालेल ना तिला?”

“आई…”

“गिऱ्हाईक जाईल तर जाऊ दे. मला काय करायचंय? सांग तू, आणखी काय काय बदलू?”

लेकीचे डोळे भरले. “तू सगळं करशील. मला माहितीय. आणि सगळं केलंस ना, तरी तू काही पुढे केलंस की मी बघतच बसेन तिच्या ओठांकडे. माझा हात पेटीवरच राहील. तू धुतलं नाहीस म्हणून नाही गं. मला आता जमणारच नाही. हवं तर वाईट म्हण मला.”

आक्काकडे कुणालाही द्यायला उत्तर असे. सावकाराला होतं, दिरांना होतं, नवऱ्याला तर दोन-दोन. इथे तिने हात पदराला पुसले.

“नाही म्हणणार वाईट,” ती म्हणाली. “आई आहेस तू तिची.”

“भेटायला ये. येशील ना?”

“न येऊन जाईन कुठे?”

पुढच्या सुट्टीच्या दिवशी ती गेली. न्हाऊन, नखं कापून, वाटेत कशाला हात न लावता. लेकीने या वेळी काही विचारलं नाही. न विचारता दार पुरतं उघडलं, तेच आक्काला जास्त लागलं. तिने कपडे बदलले, हात धुतले, पुन्हा धुतले आणि खुर्चीवर बसून दोन्ही हात मांडीखाली घालून ठेवले.

भिंगरी फिरत फिरत आली. तिच्या हातात दुकानातल्या बिस्किटांचा पुडा होता. कुठल्यातरी कारखान्यातला, वर अंड्यावर फुली मारलेलं चित्र.

“आजी, यात अंडं नाहीये. तू घाबरू नकोस.”

“नाही घाबरत.”

“हात का लपवलेस?”

“असेच. गार पडलेत.”

“मग मी भरवते. आ कर.”

स्वयंपाकघराच्या दारात लेक येऊन उभी राहिली होती. आक्काने तोंड उघडलं. बिस्कीट कोरडं होतं, भुशासारखं. लोण्याचा वास नाही, भाजल्याचा रंग नाही, कडा मशीनने कापलेल्या, सगळ्या एकसारख्या. तिने ते सावकाश चावलं, पुरतं गिळलं.

“कसं आहे?” भिंगरीने विचारलं.

“फार छान झालंय,” आक्का म्हणाली, आणि पुन्हा तोंड उघडलं.